रुईलानच्या वहीतले शब्द

तुंग-चीच्या दिवशी मोकांचं काढ्याचं दुकान चारलाच बंद व्हायचं. यिन-फोंगचे सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांनी घालून दिलेला हा रिवाज कुणी मोडला नव्हता. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. त्या संध्याकाळी घरातलं प्रत्येक माणूस एका टेबलाशी हवं. यिन-फोंगने काउंटरवरच्या वाट्या आणि त्यांच्यावरच्या काचेच्या झाकण्या उचलल्या, मोठं पितळी पिंप पुसलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि तशीच थांबली. मागच्या खोलीतून सासूचं हसणं ऐकू आलं.

सासूबाई हसत नसत असं नाही. गिऱ्हाइकांशी हसत, टीव्हीवरच्या मालिकांना हसत. हे हसणं निराळं होतं, खोकल्यासारखं घशातून फुटणारं, आवरू म्हटलं तरी न आवरणारं. लग्नाला सतरा वर्षं झाली, तेवढ्यात यिन-फोंगने ते दोनदा ऐकलं होतं. दोन्ही वेळा समोर सासरे होते.

आज समोर रुईलान होती, धाकटी जाऊ.

मागची खोली म्हणजे कढईची खोली. चोवीस जिन्नसांचा काढा तिथे उकळायचा. कुठली मुळी कधी पडते, कुठलं पान आच काढल्यावर टाकायचं, हे सासऱ्यांनी सासूला शिकवलं आणि सासूने कुणालाच नाही. यिन-फोंगने लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एकदा विचारलं होतं. "पुढे गिऱ्हाईक उभं आहे," एवढंच उत्तर आलं. ती पुढे गेली आणि पुढेच राहिली. शाम श्वी पोच्या त्या गल्लीत तिच्या हातची वाटी प्यायला नाही असा माणूस नव्हता, पण वाटीत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

आणि ही रुईलान. धाकटा दीर होउ-यिन यंत्रं बसवायला हुनानला गेला आणि तिकडेच लग्न करून बसला. मग चार वर्षं ती तिकडे, इकडे राहायच्या परवान्याच्या रांगेत. यंदा वसंतात आली ती दोन पिशव्या घेऊन, इथली भाषा धड येत नाही अशी. बाजारात टोमॅटो मागायला गेली तर बोटाने दाखवून आणायची. शरदातला चंद्राचा सण झाला आणि पंधरा दिवसांत सासूने पहाटे पाचला तिचं दार वाजवलं, खाली नेलं आणि कढईपाशी उभं केलं. "तिला बोलता येत नाही, पुढे बसून काय करणार?" सासूने सगळ्यांना सांगितलं होतं. बोलणं रास्त होतं. यिन-फोंगच्या पोटात मात्र त्या दिवशी जे दुखायला लागलं ते थांबलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती लो बाईच्या दुकानात केस कुरळे करून घ्यायला गेली होती. लो बाईने मानेवर टॉवेल टाकता टाकता विचारलं, "तुमची ती नवी, वयाने जरा थोराडच दिसते, नाही?"

"कुणाला ठाऊक," यिन-फोंग म्हणाली. "इतकी वर्षं तिकडे होती. एखादं पोर ठेवून आली असेल."

असेल. एवढंच. पण आठ दिवसांनी समोरच्या सुक्या मासळीच्या दुकानातल्या चान बाईने तिलाच येऊन सांगितलं, की म्हणे तुमच्या धाकटीला तिकडे मूल आहे. असेलचं आहे झालं होतं. नाही म्हणायची ती वेळ होती. यिन-फोंग म्हणाली, "मला बाई काय माहीत," आणि ते अशा सुरात, की चान बाईने मान डोलावली आणि समजून गेली. त्यानंतर नणंदेला फोनवर सांगताना सांगणारी यिन-फोंग नव्हतीच. लोक म्हणत होते.

आज दुपारी त्या नणंदेचा, स्युत-हाचा फोन आला होता. "वहिनी, आज आईच्या कानावर घालतेच. तू मध्ये पडू नकोस."

"राहू द्या हो वन्सं, सणाच्या दिवशी कशाला," यिन-फोंगने म्हटलं होतं, आणि अशा आवाजात म्हटलं होतं की स्युत-हाने राहू देऊ नये.

जिना उतरून तिची मुलगी चिंग-मान खाली आली. सोळा वर्षांची, शाळेच्या स्वेटरवरच.

"आई, काकू कुठेय? आज तिची वही बघायची राहिली."

"कसली वही?"

"माझीच जुनी. दिवसभरात न कळलेले शब्द ती लिहून ठेवते, रात्री मी अर्थ सांगते. पण आजकाल असे शब्द आणते की मला सांगता येत नाहीत. म्हटलं आजीला विचार."

"असे म्हणजे कसे?"

चिंग-मानने आईकडे बघितलं, मग पितळी पिंपाकडे. "असेच," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. आणि तिथून आता तीन हसणी ऐकू येऊ लागली.

यिन-फोंगने शटर खाडकन खाली ओढलं.

*

दुकानाच्या वरच्या घरात सहाला सगळे बसले. सासऱ्यांच्या फोटोपुढे तीन उदबत्त्या, मोसंबी, वाटीभर भात. गोल टेबल उघडून मांडलं होतं. उकडलेली कोंबडी, आलं-पातीची चटणी, कुरकुरीत कातडीचं भाजलेलं डुक्कर, अळंबीबरोबर शिजवलेली सुकी कालवं. यिन-फोंगने दुपारपासून उभं राहून केलं होतं. सासूच्या उजव्या हाताची खुर्ची तिची. ती सूप घेऊन आली तेव्हा तिथे रुईलान बसली होती. सासूनेच बाही धरून बसवली होती. यिन-फोंग वळसा घालून नवऱ्याशेजारी, दाराच्या बाजूला बसली. बिंग-चाउला काही दिसलं नाही. त्याला अशा गोष्टी दिसत नसत.

सासूने कोंबडीची एक तंगडी उचलून नातीच्या वाडग्यात टाकली. दुसरी उचलली, क्षणभर हवेत धरली आणि रुईलानच्या वाडग्यात ठेवली.

"खा. कढई ढवळायला दंडात जोर लागतो."

"हिला काय, हुनानची मिरची खाऊन जोर आहेच," स्युत-हा म्हणाली. ती टॅक्सीवाल्या नवऱ्याला घरी ठेवून एकटीच आली होती. अशा कामाला ती एकटीच येई. "काय गं रुईलान, सणावाराला तिकडे आठवण काढत असतील ना तुझी?"

"हो ताई. माझी आई काढतो," रुईलान म्हणाली.

"काढते," चिंग-मानने हळूच दुरुस्त केलं.

"काढते."

"आणि आईशिवाय?"

"ताई, कोंबडी निवतेय," होउ-यिन म्हणाला. तो जेवताना कधी मान वर करत नसे. आता केली.

स्युत-हाने यिन-फोंगकडे पाहिलं. यिन-फोंगने भाताकडे पाहिलं. आता होऊन जाऊ दे, असंही वाटत होतं आणि आपण इथे नसतो तर बरं, असंही.

पण सासूनेच विषय बदलला. "अगं, तुझी वही कुठेय? चिंग म्हणत होती मला काहीतरी विचारायचंय."

रुईलानने पुसलेले हात पुन्हा पुसले आणि कमरेच्या खिशातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. पानं ओलाव्याने फुगली होती.

"पहिला शब्द, बात-क्वा. तो आमच्याकडे पण आहे. आठ चिन्हं, भविष्य बघायची. पण चान बाई म्हणाल्या, तुझी दाय-सौ फार बात-क्वा. मी म्हणाले, बरं झालं, मला पण भविष्य सांगेल."

बिंग-चाउ असा हसला की त्याला ठसका लागला. सासूही हसली. थोरल्या वहिनीला सगळं घर दाय-सौ म्हणायचं, सगळी गल्लीही म्हणायची, आणि तिचं भविष्याशी काय नातं ते गल्लीला चांगलं माहीत होतं.

"आठही दिशांच्या घरात काय शिजतंय ते ज्याला कळायला हवं असतं, तो बात-क्वा," सासू म्हणाली. "भोचक."

"दुकानात बसायचं तर खबर ठेवावी लागते," यिन-फोंग म्हणाली आणि तीही हसली. हसणं बरं जमलं.

रुईलानने अर्थ लिहून घेतला. बोट ठेवून पुढचा शब्द वाचला. "तुक-पुई-चेक. पाठीच्या कण्यात बोट घालणं. लो बाई म्हणाल्या, दाय-सौ तुझ्या पाठीत बोट घालते, तुला कसं कळत नाही. मी म्हणाले, नाही घालत. मग मला वाटलं, मालिश असेल. दाय-सौच्या हाताला गुण असेल. माझी पाठ दुखतेच."

या वेळी कुणी हसलं नाही. बिंग-चाउने डुकराचा तुकडा अर्ध्यावर धरला होता, तो तसाच वाडग्यात ठेवला. सासूने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"माणूस पाठमोरा असताना त्याच्याविषयी वाईट बोलायचं," ती सावकाश म्हणाली. "त्याला म्हणतात पाठीत बोट घालणं."

"पाठमोरा असताना," रुईलानने म्हटलं आणि लिहिलं. पेन्सिलीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "आणि छ्योंग-स्योय. हे गाणं आहे ना? भाजीवाला म्हणाला, तुझ्या घरातलीच तुला गाऊन सडवते."

"घरातलीच म्हणजे कोण?" होउ-यिनने विचारलं. "आई, कोण?"

"शब्दाचा अर्थ सांगते," सासू म्हणाली. "एखाद्याचं वाईट इतकं गात फिरायचं, इतकं, की ते ऐकून ऐकून सगळ्यांना त्या माणसाचा वास यायला लागावा."

यिन-फोंगने रुईलानकडे पाहिलं. खाली घातलेली मान, बोटात आखूड पेन्सिल. ही भोळी आहे की नाही, हे त्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि कळत नाही म्हणून तिला आणखी राग आला.

स्युत-हाला शांतता सोसत नसे. "लोक उगाच गात नाहीत," ती म्हणाली. "मी सरळ विचारते. सगळे बसलेत, बाबांचा फोटोही समोर आहे. रुईलान, तुला तिकडे मूल आहे का?"

होउ-यिन उठायला लागला. रुईलानने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "मुलगी. नऊ वर्षांची. नाव छ्यूयान. पहिला नवरा खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा ती दीड वर्षांची होती. आता माझ्या आईपाशी असते."

या वाक्यांत तिची एकही चूक झाली नाही. ती फार वेळा मनात म्हणून ठेवलेली असावीत.

"मला लग्नाआधीपासून माहीत आहे," होउ-यिन म्हणाला.

"आणि आई?" स्युत-हाने सासूकडे वळून विचारलं. "आई, तुला?"

"मलाही. घरात आली त्या दिवशी. नव्या सुनेचा चहाचा पेला माझ्यापुढे धरायच्या आधी म्हणाली, आधी हे ऐका आणि मग प्यायचा की नाही ते ठरवा. चिंग मध्ये बसून अर्थ सांगत होती. मी ऐकलं आणि प्यायले."

यिन-फोंगने मुलीकडे पाहिलं. चिंग-मान तंगडीचं हाड न्याहाळत होती. म्हणजे पोरीलाही माहीत होतं. आठ महिने. आठ महिने रोज सकाळी आपण या मुलीची वेणी घालत होतो आणि ती गप्प होती. आपण हवेत एक दगड भिरकावला, तो नेमका लागला, आणि लागला याचंही काही सुख नाही. कारण या घरात जे सगळ्यांना ठाऊक होतं ते फक्त आपल्याला ठाऊक नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर गल्लीला वेगळं सांगावं लागलं नसतं," सासू म्हणाली.

"तेच ना," स्युत-हा म्हणाली. तिची खुर्ची जागची हलली नव्हती, पण ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्यासारखी झाली. "मला तर वहिनीनेच सांगितलं. लोक म्हणतात, लोक म्हणतात. मला काय माहीत लोक म्हणजे तीच. आई, मी तर काळजीने विचारलं हो."

"वन्सं, दुपारी फोन तुम्ही केलात," यिन-फोंग म्हणाली.

"तू?" बिंग-चाउ बायकोला म्हणाला. तेवढाच एक शब्द. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. त्याला लाज वाटत होती.

"मी असेल म्हणाले होते," यिन-फोंग म्हणाली. "आहे म्हणाले नव्हते."

होउ-यिन भिंतीकडे बघत म्हणाला, "नव्या वर्षाला छ्यूयान येतेय. पंधरा दिवसांचा भेटीचा परवाना मिळालाय. मला तिला या गल्लीत आणायची नाही. आम्ही दुसरीकडे खोली बघतो."

सासूचा चेहरा एकदम उतरला. नवऱ्याच्या माघारी तिने एकच गोष्ट धरून ठेवली होती, दोन्ही मुलगे एका छपराखाली. तिचा हात टेबलावर चाचपडला, जणू काही उचलायचं होतं आणि सापडत नव्हतं.

"अजून एक शब्द आहे," रुईलान म्हणाली.

"पुरे आता," सासू म्हणाली.

"हा तुम्ही म्हणालात, आई. कढईपाशी." रुईलानने पान उलटलं. "लाल डोळा. तुम्ही म्हणालात, थोरलीचा डोळा लाल झालाय. मी दुसऱ्या दिवशी डोळ्यात घालायचं औषध आणलं, दाय-सौला दिलं. तिने घेतलं नाही."

यिन-फोंगला आठवलं. महिन्यापूर्वी काउंटरवर एक इवलीशी बाटली ठेवून ही उभी राहिली होती आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवत होती. यिन-फोंगला वाटलं, टोमणा मारतेय. तिने ती बाटली कचऱ्यात टाकली होती.

अर्थ चिंग-माननेच सांगितला. "लाल डोळा म्हणजे मत्सर, काकू. दुसऱ्याचं बघवत नाही तो."

रुईलानने हे मात्र लिहून घेतलं नाही.

"म्हणजे तुम्हीही पाठीत बोट घालता, आई," यिन-फोंग म्हणाली.

सासूशी या घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं. बिंग-चाउने तिच्या दंडाला हात लावला. तिने तो झटकला. सासूने मान डोलावली.

"घालते. सतरा वर्षं घालतेय. आधी यांच्यापाशी बोलायची, हे गेल्यावर यांच्या फोटोपाशी, आता हिच्यापाशी. हिला निम्मं कळायचं नाही, म्हणून बरं वाटायचं. वाटेल ते बोलायचं आणि हसायचं. आता हिने तेही लिहून ठेवलं."

"काय बोलायचात?"

"कशाला विचारतेस?"

"विचारते."

"म्हणायचे, पोरगी चलाख आहे, पण हिच्या पोटात काही राहत नाही. कढईत काय कधी पडतं ते सांगितलं तर महिन्याभरात गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात उकळायला लागेल."

"दुकानाची गोष्ट मी कधीच..." यिन-फोंगने सुरुवात केली आणि वाक्य सोडून दिलं. आज ते कुणाला खरं वाटणार होतं?

"आणि हेही म्हणायचे," सासू म्हणाली, "की ती पुढे नसेल तर आपलं कडू पाणी प्यायला काळं कुत्रं फिरकणार नाही. अर्धी गल्ली हिचं ऐकायला येते आणि ऐकता ऐकता वाटी संपवते. यांच्या काळात दिवसाला दोन पिंपं खपायची, हिच्या काळात तीन."

"हे मला कधी म्हणाला नाहीत."

"तोंडावर कोण म्हणतं."

त्यानंतर तांदळाच्या गोळ्यांचं गोड सूप आलं. सणाचं म्हणून प्रत्येकाने दोन-दोन गोळे खाल्ले. स्युत-हा बसचं कारण सांगून सगळ्यात आधी उठली.

*

स्वयंपाकघरात एका वेळी दोन बायका कशाबशा मावायच्या. यिन-फोंग भांडी घासत होती, रुईलान पुसत होती. बाहेर होउ-यिन आणि बिंग-चाउ टेबल मिटत होते, एकमेकांशी न बोलता.

"तुला खरंच कळत नव्हतं?" यिन-फोंगने नळाखाली वाडगा धरून विचारलं.

"पहिला शब्द नाही. दुसरा थोडा. तिसरा विचारताना कळलं होतं."

"तरी विचारलास."

"हो." रुईलानने वाडगा उजेडाकडे धरून पाहिला. "कोण काय उत्तर देतो ते बघायचं होतं."

यिन-फोंगला हे आवडलं नाही, पण समजलं. तिच्या जागी तिनेही तेच केलं असतं.

"खोली बघणार?"

"नाही. मी सांगितलं त्याला, मुलगी इथेच येणार. दुसरीकडे नेली तर लोक म्हणतील, लपवली." ती थोडी थांबली. "दाय-सौ, तुम्हाला कढई पाहिजे का?"

"पाहिजे होती."

"घ्या. पहाटे उठायचं, अंधारात ढवळायचं, आईंचं ऐकायचं. मी पडद्याआडून पुढचं ऐकते. सगळे येतात, तुमच्याशी बोलतात, हसतात. माझ्याशी आठ महिन्यांत तीनच माणसं बोलली, ती पण तुमच्याबद्दल. माझी पण डोळा लाल."

यिन-फोंगने नळ बंद केला. आपल्या त्या लाकडी स्टुलाचा, सतरा वर्षं पाय लोंबकळत ठेवून बसलो त्या जागेचा कुणाला हेवा वाटत असेल, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. माफी मागायची तर आताच, हे तिला कळत होतं. तिने ओले हात पुसले.

"माझाही," ती म्हणाली.

"काय?"

"माझी डोळा नाही. माझाही डोळा लाल आहे, असं म्हणायचं."

"माझाही डोळा लाल आहे," रुईलानने म्हटलं आणि पुढचा वाडगा पुसायला घेतला.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सासूची पावलं नेहमीसारखी यिन-फोंगच्या दारावरून पुढे गेली आणि धाकटीच्या दाराशी थांबली. यिन-फोंग अंथरुणात जागीच होती. एका रात्रीत काही बदललं नव्हतं. पोटात तेच दुखत होतं, तेवढंच दुखत होतं. शेजारी बिंग-चाउ भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि तोही झोपलेला नव्हता.

"लो बाईला तू सांगणार की मी सांगू?" त्याने न वळता विचारलं.

"मी सांगते," ती म्हणाली.

सातला रुईलानने गरम काढ्याची बादली पुढे आणली, पिंपात ओतली आणि रोजच्यासारखी मागे जायला वळली. यिन-फोंगने दुसरं स्टूल पायाने पुढे ओढलं. रुईलान बसली नाही, पण गेलीही नाही. काउंटरच्या कडेला उभी राहून वाट्यांवर झाकण्या ठेवू लागली.

लो बाई स्वतःचं दुकान उघडायच्या आधीच आली. सकाळी सातला तिला कडू काढ्याची तल्लफ आजवर कधी आली नव्हती. काल बसला जाता जाता स्युत-हा तिच्याकडे डोकावून गेली असणार. रुईलानला बघून ती जराशी अडखळली, मग काउंटरवर वाकून आवाज खाली आणून म्हणाली, "काल म्हणे तुमच्याकडे..."

"हो," यिन-फोंग नेहमीच्या, रस्त्यापलीकडे जाणाऱ्या आवाजात म्हणाली. मासळीच्या दुकानात चान बाईने मान वर केली. "मी तुझ्याकडे म्हणाले होते, एखादं पोर असेल. ते मी मनाने म्हणाले होते, वाईट मनाने. मला काही माहीत नव्हतं. आता माहीत झालंय म्हणून सांगते. मुलगी आहे, नऊ वर्षांची. नव्या वर्षाला येतेय. पुतणी माझी."

"नाव छ्यूयान," रुईलान म्हणाली.

"छ्यूयान," यिन-फोंगने म्हटलं. उच्चार बरोबर आला नाही. "केस कापायला तुझ्याकडेच आणीन."

लो बाईने वाटी उचलली, खाली ठेवली. बातमी अशी उघड्यावर ठेवल्यावर तिचं करायचं काय, ते तिला कळेना. रुईलान रिकामी बादली घेऊन पडद्याआड गेली तेव्हा तिला पुन्हा धीर आला. ती आणखी जवळ सरकली.

"पण काय गं, सगळ्यांना माहीत, तुझ्या पोरीलासुद्धा, आणि तुलाच नाही. सतरा वर्षं खपतेस या घरात. तुला काहीच वाटलं नाही?"

यिन-फोंगने पिंपाची तोटी घट्ट केली. सांगायला खूप होतं. तंगडीपासून सांगता आलं असतं, खुर्चीपासून सांगता आलं असतं.

"वाटलं," ती म्हणाली.

लो बाई वाट बघत राहिली.

"पी," यिन-फोंग म्हणाली, "निवतंय. काय वाटलं ते तुला नाही सांगणार."